झाडांची ओळख करून देणे हे कर्तव्य आहे : वृक्ष प्राधिकरणांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महानगरपालिका व नगर परिषदांची वृक्ष प्राधिकरणे, वृक्ष अधिकारी आणि उद्यान अधीक्षक यांस

महोदय / महोदया,


महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा कायदा बहुतेक नागरिकांना झाड तोडण्याच्या परवानगीपुरताच माहीत असतो. अर्ज, पाहणी, नोटीस, हरकत आणि निर्णय एवढ्यावर त्याची ओळख संपते. याच कायद्याच्या सातव्या कलमात मात्र वृक्ष प्राधिकरणाची कर्तव्ये दिलेली आहेत. झाडांची गणना करणे आणि रोपवाटिका चालवणे ही त्यांतली सर्वपरिचित कामे. त्यांच्या बरोबरीने प्रात्यक्षिके व विस्तारसेवा यांची व्यवस्था करणे, झाडे लावणाऱ्या आणि जपणाऱ्या संस्थांना साहाय्य करणे, वर्षातून किमान एकदा फुले, फळे, भाज्या, झाडे यांचे प्रदर्शन भरवणे आणि वनस्पतींच्या महत्त्वाची जाणीव लोकांत निर्माण करणे हीही कर्तव्येच आहेत. त्यासाठी नागरिक पैसेही भरतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मालमत्ता कराच्या बिलात वृक्षसंवर्धनाची वेगळी ओळ असते. त्यामुळे झाडांची ओळख करून देणारे कार्यक्रम आणि नागरिकांच्या हातांनी फुलणाऱ्या सामुदायिक बागा हा कुणाच्या हौसेचा किंवा प्रशासनाच्या कृपेचा भाग नाही.

प्रत्यक्षात या कर्तव्यांपैकी प्रदर्शन तेवढे नेमाने पार पडते. कुंड्यांची आरास, पुष्परचनांची स्पर्धा, उद्घाटन आणि बक्षिसे होतात, आणि वर्षाचे लोकशिक्षण झाले असे अहवालात नोंदवले जाते. बाकीचा भार आजवर व्यक्तींनी आणि संस्थांनी उचलला आहे. डॉ. शरदिनी डहाणूकर, प्रा. श्री. द. महाजन, डॉ. हेमा साने यांच्या लेखनामुळे मराठी वाचक झाडांकडे थांबून बघायला शिकला. पुण्याचे एम्प्रेस गार्डन ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीने सांभाळले आहे. मुंबईत राणीच्या बागेतली जुनी झाडे लोकांना हिंडून दाखवण्याचे काम नागरिकांनीच हाती घेतले. हे सारे स्तुत्य आहे, आणि तिथेच तक्रारीचे मूळही आहे. ज्या यंत्रणेकडे जमीन, पाणी, माळी, रोपे आणि निधी आहे, ती यंत्रणा या कामात पाहुण्यासारखी वावरते.

झाड ओळखता येणे हा निव्वळ छंदाचा विषय राहिलेला नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते, आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके असेल तितकी झाडे भरपाई म्हणून लावण्याची तरतूद झाली आहे. वय ठरवण्यासाठी खोडाचा घेर मोजतात, पण घेरावरून वय काढताना झाडाची जात माहीत असावीच लागते. सुबाभूळ झपाट्याने वाढते, चिंच सावकाश वाढते. दोघांचा घेर सारखा भरला तरी वयात मोठे अंतर असते. जात चुकली की वय चुकते, आणि वय चुकले की वारशाचा दर्जाही हुकतो व भरपाईचा आकडाही. खोडावर लावलेल्या नोटिशीत झाडाचे नाव चुकले असेल, तर ती चूक दाखवून देऊ शकणारा माणूस त्या गल्लीत असायला हवा. हरकत मागवणारी नोटीस तिचा अर्थ लागणाऱ्या माणसासाठीच असते. असे नागरिक तयार करणे हे म्हणूनच कायद्याच्या अंमलबजावणीचे अंग ठरते.

सध्या होणाऱ्या वृक्ष-ओळख कार्यक्रमांची पहिली अडचण वेळेची आहे. ५ जूनचा पर्यावरण दिन आणि जुलैचा पहिला आठवडा यांच्या आसपास हे कार्यक्रम दाटीने होतात. वनमहोत्सव १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी सुरू केला तेव्हा जुलै हा लागवडीचा महिना म्हणून निवडला गेला, आणि लागवडीसाठी तो योग्यच आहे. ओळखीसाठी मात्र तो अडचणीचा. त्या दिवसांत जिकडे पाहावे तिकडे हिरवे, फुले बहुतेक सरलेली आणि वर पाऊस. महाराष्ट्रातल्या झाडांचा बोलका काळ माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत असतो. पळस, पांगारा, काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. वावळाला चपट्या, कागदासारख्या फळांचे घोस लागतात. कुसुमाची लाल पालवी दुरून फुलोऱ्यासारखी भासते, पिंपळाला तांबूस पाने फुटतात, कडुनिंबाला बारीक पांढरा मोहर येतो. एप्रिल-मे म्हणजे बहावा आणि ताम्हण. पावसाळ्यासाठी कदंब आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी सातवीण. त्याच एका रस्त्यावर, त्याच वीस-पंचवीस झाडांखाली बारा महिन्यांत बारा फेऱ्या झाल्या, तर सामान्य माणूस ती झाडे जन्मभर विसरत नाही. वर्षातून एकदा शंभर झाडांची नावे ऐकून काही हाती लागत नाही.

दुसरी अडचण शिकवण्याच्या पद्धतीची. मार्गदर्शक पुढे चालतो, नाव सांगतो, एखादा औषधी उपयोग आणि पुराणातली एखादी कथा सांगतो, मंडळी फोटो काढतात आणि पुढच्या झाडाकडे वळतात. ऐकणाऱ्याला त्या झाडाचे नाव मिळते, पण दुसऱ्या रस्त्यावर तेच झाड भेटले तर ओळखण्याची खूण मिळत नाही. ती खूण बहुधा फुलात नसते, कारण फूल वर्षातले काही आठवडेच असते. ती पानाच्या मांडणीत, सालीत, चिकात आणि कळीत असते, आणि तिथे वर्षभर सापडते.

वडाचे उदाहरण घ्यावे. वडाचे गळून पडलेले नव्हे, फांदीवरचे एखादे पान देठाशी तोडले की पांढरा चीक येतो. फांदीच्या टोकाला टोकदार, मिटलेल्या छत्रीसारखी एक कळी असते; तिच्यावरचे आवरण म्हणजे उपपर्ण. पान उलगडताना ते गळून पडते आणि डहाळीभोवती बांगडीसारखा वण मागे राहतो. चीक आणि हा वण एवढ्या दोन खुणांवर वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांचा सगळा गोतावळा ओळखता येतो. फणसावरही याच खुणा दिसतात, कारण तोही याच कुळातला आहे. मग आपापसातले भेद सोपे होतात. पिंपळाच्या पानाला लांब शेपटीसारखे टोक असते, उंबराची फळे खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसाने येतात, वडाची लाल फळे पानाच्या बगलेत जोडीने बसतात. हे सगळे पाहायला दहा मिनिटे लागतात आणि भिंग असले तर उत्तम. पण ही दहा मिनिटे त्या माणसाला पुढे आयुष्यभर पुरतात.

कडुनिंबाचीही अशीच गोष्ट. बकाण निंब आणि महारुख यांना लोक सर्रास कडुनिंब समजतात. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले असते आणि पर्णिका विळ्यासारख्या वाकड्या, दातेरी, तळाशी दोन्ही बाजूंना असमान असतात. बकाणाचे पान दोनदा-तीनदा विभागलेले, आणि फुले फिकट जांभळी. महारुखाचे पान हातभर लांब.

अशोकाच्या बाबतीतला घोळ सर्वांत जुना. सोसायट्यांच्या कुंपणालगत ओळीने उभा असलेला, लाटांसारख्या कडांच्या लांब पानांचा, निमुळता हिरवा वृक्ष हा सीताफळाच्या कुळातला आसुपालव आहे. त्याची फुले फिकट हिरवी असतात आणि बहुतेकांच्या नजरेलाही पडत नाहीत. खरा अशोक, म्हणजे सीता अशोक, शेंगा येणाऱ्या कुळातला. त्याचे पान संयुक्त असते, कोवळी पाने तांबूस आणि मलूल होऊन खाली लोंबतात, आणि जून फांद्यांवर थेट केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. त्या फुलांना पाकळ्या नसतात. रंगीत दिसतो तो निदलपुंज. आयुर्वेदात वापरली जाते ती या अशोकाची साल, आणि बाजारात तिच्यात आसुपालवाच्या सालीची भेसळ होते हे अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. सार्वजनिक उद्यानात आसुपालवाच्या खोडावर ‘अशोक’ एवढीच पाटी लावणे म्हणजे या गोंधळावर सरकारी शिक्का मारणे होय.

पाट्यांविषयी वेगळे सांगणे भाग आहे. बहुतेक उद्यानांत पाटी असते ती गणनेच्या क्रमांकाची, नाहीतर लॅटिन नाव आणि कुळ एवढ्याची. शास्त्रीय नाव हवेच, पण त्याच्या जोडीला मराठी नाव, त्या भागातली बोलीतली नावे, झाड इथलेच की बाहेरून आलेले, फुलण्या-फळण्याचे महिने आणि ओळखीची एक ठळक खूण एवढे तरी असावे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला, हे वाचून त्या झाडांबद्दलचे प्रेम कमी होत नाही. शहराच्या बागा कशा घडत गेल्या ते कळते. पाटी खिळ्याने ठोकू नये, हे तर निर्विवाद. सालीच्या लगेच आत झाडाचा वाढीचा जिवंत थर असतो. खिळा त्यात शिरतो, जखम होते, त्यातून कीड आणि बुरशी आत जाते. जाहिरातवाल्यांचे खिळे काढण्यासाठी नागरिक रविवारची सकाळ देतात आणि त्याच झाडांवर पालिकेचा क्रमांक खिळ्याने ठोकलेला असतो, हे थांबले पाहिजे. पाटी झाडाशेजारी जमिनीत रोवता येते, किंवा सैल स्प्रिंगने बांधता येते.

आता वृक्षगणनेकडे. कायद्याने ती दर पाच वर्षांनी व्हायला हवी. मुंबईच्या २०१८ च्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे नोंदली गेली. एवढे मोठे काम ठेकेदारांमार्फत होते आणि त्याची गरज समजण्यासारखी आहे. आक्षेप असा की ही माहिती नागरिकाच्या उपयोगाच्या रूपात त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि तिच्यातली चूक सुधारण्याची वाट त्याला उपलब्ध नसते. न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये रस्त्याकडेची झाडे मोजली तेव्हा दोन हजारांहून अधिक स्वयंसेवकांना आधी ओळख शिकवून मग रस्त्यावर उतरवले. ६,६६,१३४ झाडांची नोंद झाली आणि प्रत्येक झाड सर्वांना पाहता येईल अशा नकाशावर आले. तिथे गणना आणि लोकशिक्षण एकाच वेळी झाले. इथेही प्रभागनिहाय यादी खुली करावी, आणि झाड ओळखायला शिकलेल्या नागरिकांकडून तिची पडताळणी करून घ्यावी. फोनमधले ॲप पानाच्या फोटोवरून नाव सुचवते, ते मदतीला चांगले आहे. पण सुचवलेले नाव बरोबर की चूक हे ठरवायला शेवटी माणूसच लागतो. सीझनवॉच हा देशव्यापी उपक्रम एकच झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुले, फळे नोंदवायला सांगतो. केरळमधल्या शाळांनी त्यात मोठा वाटा उचलला आहे. महापालिकेच्या शाळांना तो सुरू करायला पैसे लागत नाहीत. पटांगणातले एक झाड आणि एक उत्साही शिक्षक पुरतात.

सामुदायिक बागांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे जागा सोडावी लागते. शहरातल्या उद्यानाची सध्याची रचना नागरिकाला प्रेक्षक समजते. फुले तोडू नयेत, हिरवळीवर चालू नये, झाडांना हात लावू नये, या सूचना गर्दीच्या ठिकाणी समजू शकतात. पण संपूर्ण उद्यानात माणसाने मातीला हात लावावा अशी एकही जागा नसणे समजत नाही. हिरवळ सर्वांत जास्त पाणी पिते आणि सर्वांत कमी शिकवते. तिचा एक कोपरा, दोन-चार गुंठ्यांचा, आजूबाजूच्या वस्तीला परसबागेसाठी द्यावा. माठ, मेथी, अळू, वाल, दोडका, घेवडा, कडेला शेवगा आणि कढीपत्ता एवढ्या गोष्टी शहरातल्या माणसालाही जमतात. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाने वालाचा वेल मांडवावर चढताना पाहणे हे पर्यावरणाच्या पुस्तकातल्या धड्यापेक्षा खोल जाते. आणि गावाकडून आलेल्या ज्या आजी-आजोबांना शहरात कुणी काही विचारत नाही, ते या वाफ्यांवर शिक्षक होतात.

मुंबई, पुणे आणि कोल्हापूरला हे नवे नाही. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून दाखवून दिले की थोड्या जागेत, थोड्या पाण्यात, पालापाचोळ्यातून माती तयार करून भरघोस उत्पन्न घेता येते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते शास्त्र सामान्य माणसे एकमेकांना शिकवू शकतात. त्या विचारातून शहरांच्या गच्च्यांवर बागा उभ्या राहिल्या. मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवरची बाग तर ओल्या कचऱ्यावर पोसली गेली. हे सगळे खासगी किंवा संस्थांच्या गच्च्यांवर घडले. ज्यांना गच्ची नाही, बाल्कनीही नाही, अशा चाळींतल्या आणि वस्त्यांमधल्या लोकांसाठी सार्वजनिक जमीन हाच पर्याय आहे.

पाचोळा हा तर बागेचा कच्चा माल. फेब्रुवारी ते एप्रिल शहरभर पाने गळतात. ती गोळा होतात, आणि पुढे कचरागाडीत जातात किंवा कोपऱ्यात पेटवली जातात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेचा कचरा वेगळा ठेवण्याचे बंधन घातले आणि कचरा जाळायला बंदी केली. तरीही सकाळी झाडलेल्या ढिगातून निघणारा धूर प्रत्येक शहरात ओळखीचा आहे. सफाई कामगाराला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. त्याला पाने नेऊन टाकायला जागा दिलेली नसते. प्रत्येक उद्यानात विटांचा किंवा जाळीचा एक हौद असावा. त्यात पाने थरांनी भरून, अधूनमधून शेण किंवा ताकाचे पाणी शिंपडून, ओल टिकवली तर पावसाळ्यानंतर काळे, भुसभुशीत खत मिळते. ते परसबागेला, कुंड्यांना आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या आळ्यांना पुरते. आळे असेल तर, अर्थात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटर अंतरातले काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडे आजही पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवून बसवले जातात.

रोपांच्या निवडीचा प्रश्नही लोकांच्या ओळखीशी जोडलेला आहे. राज्यात २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये १३ आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांच्या लागवडीच्या मोहिमा झाल्या. खड्डा खणणाऱ्या हजारो लोकांना आपल्या हातातले रोप कशाचे आहे हे माहीत नव्हते, आणि माहीत नसलेल्या झाडाला नंतर कोणी पाणी घालायला जात नाही. पुण्याच्या टेकड्यांवर एकेकाळी गिरिपुष्प मोठ्या प्रमाणात लावले गेले. त्याच्याखाली दुसरे फारसे काही उगवत नाही, हे तिथे रोज फिरणाऱ्यांना दिसते. आणि टेकडीवरचा गवताळ माळ ही रिकामी जागा नसते. तिथली गवते, रानफुले, जमिनीवर घरटी करणारे पक्षी हे सगळे खड्डे खणण्यापूर्वी पाहायला हवेत. प्राधिकरणाच्या रोपवाटिकांनी करंज, बहावा, ताम्हण, कुसुम, मुचकुंद, वारस, शिवण, कवठ अशी इथली रोपे वाढवावीत, आणि प्रत्येक रोपासोबत त्याची माहिती छापलेली एक चिठ्ठी द्यावी. बियाणे गोळा करण्याच्या फेऱ्या नागरिकांसोबत काढता येतात. उन्हाळ्यात कुठल्या झाडाखाली कसले बी पडते हे शिकणे ही ओळखीचीच पुढची पायरी आहे.

यांतल्या बहुतेक कामांसाठी माणसे पालिकेकडेच आहेत. बागेत वीस-पंचवीस वर्षे काम केलेल्या माळ्याला कोणते झाड कधी गळते, कुठल्या फांदीला कीड लागते, कुठले रोप कुठे तग धरत नाही हे कुठल्याही पुस्तकाइतके नेमके माहीत असते. तरीही वृक्षफेरीला बाहेरचा वक्ता येतो आणि माळी पाइप धरून बाजूला उभा राहतो. त्याला वनस्पतिशास्त्राचे अल्प प्रशिक्षण, सन्मानाचे मानधन आणि बोलायची संधी द्यावी. वनस्पतिशास्त्राच्या महाविद्यालयीन विभागांना जोडून घ्यावे. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या आधारावर आजही इथल्या वनस्पती ओळखल्या जातात. ती परंपरा प्रयोगशाळेबाहेर रस्त्यावर आणण्याची जबाबदारी विद्यापीठांचीही आहे.

तेव्हा प्राधिकरणांना विनंती अशी : येत्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात प्रात्यक्षिके व विस्तारसेवा या शीर्षाखाली वृक्ष निधीतून स्वतंत्र तरतूद करावी आणि ती खर्च झाली की नाही हे जाहीर करावे. प्रत्येक प्रभागात एक रस्ता निवडून तिथे दर महिन्याला वृक्षफेरी घ्यावी. प्रत्येक प्रभागातल्या एका उद्यानात परसबागेचा तुकडा आणि पाचोळ्याचा हौद यांना जागा द्यावी, पाण्याचा नळ द्यावा आणि रोजची देखभाल वस्तीतल्या लोकांच्या गटाकडे लेखी कराराने सोपवावी. खिळे काढावेत, चुकीच्या पाट्या बदलाव्यात, आणि गणनेची यादी नोटीस निघण्याच्या आधी लोकांसमोर असावी. ही सर्व कामे आजच्या कायद्यात, आजच्या निधीत आणि आजच्या कर्मचाऱ्यांकडून होण्यासारखी आहेत. सुरुवात फाल्गुनात करावी, म्हणजे पहिल्याच फेरीला पळस फुललेला असेल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक करदाता नागरिक